दिस मावळला की झाकण

मी आयुष्यभर लोकांना रिकामे कॅन दिले आणि भरलेले परत घेतले. एवढंच सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा गृहस्थ दूध डेअरीत असावा, नाहीतर रॉकेलच्या दुकानात. मी बेळगावातल्या एका रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये होतो. कॅनमधून काय यायचं ते आता कळलं असेलच. फराळाची बशी जरा बाजूला सारा आणि मग पुढचं वाचा.

मी मूळचा परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली. मामा फौजेत होता, त्याची बदली बेळगावला झाली, त्याच्या ट्रंकेबरोबर मीही आलो. वर्षभरात मामाची बदली झाली, मी मागेच राहिलो, कारण तोवर मला बाटल्या धुण्याचं काम लागलं होतं. लॅब एका डॉक्टरीणबाईंची. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "लिहिता येतं?" मी म्हणालो, "अक्षर बरं आहे, शुद्धलेखन नाही." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग लेबलं लिही. लेबलावर एकच शब्द असतो, त्यात किती चुकशील?"

बाटल्यांवरून मी लेबलांवर आलो, लेबलांवरून थेंब मोजायच्या पिपेटवर, आणि पाच-सहा वर्षांत रंगावरून आकडा दाखवणाऱ्या कलरीमीटरच्या काट्यापर्यंत पोचलो. हे सगळं बाईंनी हाताला धरून शिकवलं. पण माझ्याकडे कागद नव्हता. डिप्लोमा नाही, मॅट्रिक नाही. रोज सकाळी लॅबचं कुलूप काढताना वाटायचं, आज माझ्या स्टुलावर कुणीतरी कागदवाला बसलेला असणार. त्या भीतीनं मी प्रत्येक गोष्ट तीनदा तपासायचो. नळ, गॅस, नावं, आकडे. बाई म्हणायच्या, "तुला घड्याळ नको, तुझ्या नाडीवर सेकंद मोजता येतील."

आता त्या कॅनबद्दल सांगतो.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते, डोईवर टोपी असावी तशी. कुत्रा अंगावर आला की छाती धडधडते, घाम फुटतो, पाय आपोआप पळतात, ती सगळी हिची करामत. कधीकधी तिथं गाठ येते. पूर्वी ती पोट उघडल्याशिवाय कुणाला दिसायची नाही. ऐंशीनंतर आमच्याकडे सोनोग्राफीचं यंत्र आलं आणि मजा झाली. डॉक्टर बघायला जायचे पित्ताचे खडे, आणि दिसायची ही गाठ. न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी.

मग प्रश्न यायचा की ही गाठ मुकी आहे की बोलकी? हे शब्द बाईंचे. मुकी असली तर बसली आहे तशी बसू दे. बोलकी असली तर ती रक्तात रस सोडते, आणि तो रस वापरून झाल्यावर लघवीतून बाहेर पडतो. पण बोलकी गाठसुद्धा एकसारखी बोलत नाही. तासभर गप्प, मग एकदम आरडाओरडा. म्हणून एका वेळची लघवी चालत नाही. चोवीस तासांत होईल ती सगळी एका कॅनमध्ये धरायची. ती खराब होऊ नये म्हणून कॅनच्या तळाला थोडं अ‍ॅसिड घालून द्यायचं. त्याआधी तीन दिवस केळी, चहा, कॉफी बंद, नाहीतर आकडा खोटाच वर चढतो.

वाचायला सोपं वाटतं. गुंजीचे एक शेतकरी आप्पा पॅसेंजर गाडीनं आले. त्यांना मी सांगितलं होतं, कॅन आणून द्याल त्या सकाळी रक्तही काढायचं आहे, उपाशी या. आप्पांनी ते ऐकलं 'उपास'. आदल्या दिवसापासून कडक उपास धरला. उपासाला काय चालतं? केळी आणि कॉफी. अर्धा डझन केळी खाऊन, वर तांब्याभर कॉफी पिऊन आप्पा भक्तिभावानं हजर. मच्छे गावच्या एका बाईंनी कॅन नेला आणि घरी जाऊन पहिल्यांदा काय केलं, तर चिंच आणि राख लावून लख्ख घासला. "तळाला घाण पाणी होतं वो कसलंतरी. दुसऱ्याचं भांडं असं वापरायचं कसं?" अ‍ॅसिड मोरीत गेलं होतं.

असल्या प्रकारांवर माझा उपाय म्हणजे माझी भाषा. सूचनांचा छापील कागद इंग्रजी आणि कन्नडमध्ये होता. मराठी मी तोंडी सांगायचो. बाईंचं वाक्य होतं, 'चोवीस तासांची लघवी गोळा करा.' ते ऐकून एका म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, "चोवीस तास बसूनच ऱ्हायाचं काय?" तेव्हा मी ठरवलं की घड्याळ नसलेल्या माणसाशी तासांत बोलायचं नाही. माझं वाक्य मी तयार केलं, "सकाळची पहिली टाकून द्या, मग दिवसभराची सगळी धरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन आणून द्या." लोक मान डोलावायचे. मला अभिमान वाटायचा. शिकलेल्यांना जे जमत नाही ते सातवीवाल्याला जमलं, असं मनात म्हणायचो. हे मी कबूल करतो, कारण पुढचं सगळं ह्या अभिमानातूनच झालं.

शांताक्का निपाणीच्या. तंबाखूच्या वखारीत पानं निवडायचं काम. वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज वखारीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा. जेवणानंतर पोटात कळा यायच्या म्हणून सोनोग्राफी झाली, पित्ताशयात खडे निघाले, आणि डाव्या मूत्रपिंडावर लिंबाएवढी गाठ. खड्यांचं ऑपरेशन ठरलंच होतं. सर्जन सावध माणूस. त्यांनी चिठ्ठी दिली की भूल देण्याआधी गाठ मुकी आहे का ते बघा. बोलकी गाठ असलेल्या माणसाला तयारीशिवाय भूल दिली तर टेबलावरच रक्तदाब असा उसळतो की माणूस हाती लागत नाही.

मी शांताक्कांना कॅन दिला, माझं वाक्य ऐकवलं. दुसऱ्या दिवशी त्या कॅन घेऊन आल्या. मी मापून वहीत लिहिलं. बाईंनी आकडा बघितला आणि म्हणाल्या, "एवढीच?"

मी लगेच म्हणालो, "वखारीतल्या बायका पाणीच पीत नाहीत, बाई. तिथं जायला जागा नसते ना."

हे खरंही होतं. पण शांताक्कांना न विचारता मी त्यांच्या वतीनं उत्तर दिलं होतं. तपासणी झाली, आकडा नेहमीच्या मर्यादेत आला. बाईंनी रिपोर्टवर सही केली. गाठ मुकी. फोनवर तसं कळवल्यावर सर्जननी गुरुवारी ऑपरेशन ठेवलं.

सोमवारी दुपारी शांताक्का रिपोर्ट न्यायला आल्या. बाकावर खानापूरकडची एक तरुण सून बसली होती, मांडीवर नवा कॅन, डोळ्यांत पाणी. मी आत लेबलं लिहीत होतो. शांताक्कांचा आवाज मधल्या दारातून सरळ आत आला.

"रडतीस कशाला गं? लई सोपं हाय. सुई न्हाय, दोरा न्हाय."

"मला न्हाय जमायचं, आक्का. घरात सासरे हाईत, दीर हाईत."

"पदराखाली झाकून न्यायचा. आन् येक दिसाचं तर काम. सकाळची पयली टाकायची, मग दिसभर धरायचं, आन् दिस मावळला की झाकण लावायचं. झालं!"

"आन् रातीची?"

"रातीची कशाला? दिसभराची म्हणालेत की ते अण्णा."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

आमच्या परभणीकडेही सूर्याला दिवसच म्हणतात. दिवस उगवला, दिवस बुडाला. मी लहानपणापासून हेच ऐकत आलो होतो. शहरात राहून, लॅबमध्ये वावरून, माझा दिवस चोवीस तासांचा झाला होता आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. शांताक्कांचा दिवस सूर्याबरोबर संपला. त्यांनी माझं वाक्य अक्षरशः पाळलं होतं. त्या कॅनमध्ये अर्धाच हिशोब आला होता, आणि अर्ध्या हिशोबावर आम्ही गाठ मुकी ठरवली होती.

मी बाहेर जाऊन लगेच सांगितलं, असं लिहायला मला आवडलं असतं. मी तसं केलं नाही. शांताक्का रिपोर्ट घेऊन, त्या सुनेच्या पाठीवर हात फिरवून निघून गेल्या, आणि मी आत उभाच राहिलो. मनात म्हणत होतो, कदाचित गाठ मुकीच असेल. बहुतेक गाठी मुक्याच निघतात. मग बोलून काय मिळणार? स्टूल जाईल. परभणीला काय तोंड घेऊन जायचं? पाचेक मिनिटं गेली असतील. ती पाच मिनिटं मला अजून आवडत नाहीत.

बाई आतल्या खोलीत डबा खात होत्या. मी दारात उभा राहून एका दमात सगळं सांगितलं. माझं वाक्य, वखारीचं उत्तर, दिस मावळणं, सगळं. शेवटी म्हणालो, "चूक माझी आहे. मला काढून टाका, पण ऑपरेशन थांबवा."

बाईंनी दहीभाताचा घास तसाच खाली ठेवला, हात धुतला, फोन उचलला. सर्जनना एवढंच म्हणाल्या, "गुरुवारचं थांबवा. माझा रिपोर्ट चुकला आहे."

'माझा' म्हणाल्या. मी ऐकलं.

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा शर्ट घामानं ओला झाला होता. त्या म्हणाल्या, "आत्ता तुझीच लघवी तपासली तर गाठ नसतानाही आकडा वर येईल. बस आधी. एवढीच का म्हणून मी विचारलं होतं ना? मग तुझ्या उत्तरावर मी का थांबले? ते माझं काम होतं. मग बाहेरच्या त्या सुनेला नीट सांग, आणि उद्या पहिल्या बसनं निपाणीला जा."

मी दोन कॅन घेतले. एक आक्कांसाठी आणि एक, पहिला सांडलाबिंडला तर. दोन्हींच्या बुडाला खिळ्यानं नंबर कोरले, एक आणि दोन. बाई म्हणाल्या, "तिसराही घे की. वाटेत भूकंप झाला तर?"

संकेश्वर मागं पडलं तेव्हा उसाच्या शेतांवर ऊन आलं होतं. शांताक्कांचं घर वखारीच्या मागच्या गल्लीत. त्या कामावर निघायच्या तयारीत होत्या. मला दारात बघून म्हणाल्या, "आत्ता गं बया! अण्णा, तुम्ही? काय इपरीत न्हाय न्हवं?"

"विपरीत काही नाही, आक्का. माझं सांगायचं चुकलं. रात्रीचीपण पाहिजे होती."

 शांताक्का ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असं हसल्या. "म्हंजे माझ्या रातीच्या मुतासाठी तुम्ही बेळगावास्नं आलासा? माझा दाल्ला शेजारच्या गल्लीत न्यायला येत न्हाय मला!"

त्यांचा नवरा आतून खाकरला.

मी कॅन पुढं केला. त्यांनी तो घेतला आणि थेट मोरीकडे वळल्या, राखेच्या डब्याला हात घातला. मी अक्षरशः उडी मारली. "आक्का, घासू नका! तळाला औषध आहे!"

"बरं बरं, न्हाय घाशीत. बसा. च्या टाकते. माझ्यासाठी न्हवं, तुमच्यासाठी. माझा च्या तुम्हीच बंद केलासा, त्यो अजून बंदच हाय."

पाण्याची कळशी उचलायला त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या. सरळ झाल्या तेव्हा तोंड पांढरंफटक पडलेलं होतं. कपाळावर घामाचे थेंब. त्यांनी भिंतीला हात टेकला. मी पुढं झालो तर हातानंच थांबवलं. थोड्या वेळानं रंग परत आला.

"हे असं कधीपासून, आक्का?"

"ह्ये व्हय? ही तंबाखू हाय. भुकटी नाकात जाती, डोसकं ठणाणतंय, छातीत घण घातल्यागत हुतंय. वखारीतल्या समद्या बायकांना हुतंय की."

"समद्यांना वाकल्यावर होतं?"

त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "त्ये मी कुणाला इचारलं न्हाय."

मीही कुणाला विचारलं नव्हतं. आम्ही दोघंही दुसऱ्यांच्या वतीनं उत्तरं देऊन मोकळे झालो होतो.

त्या दिवशी मी वाक्य बदललं. "आक्का, आजचा दिस, सगळी रात, आणि उद्या दिस उगवल्यावर होईल ती पहिली, तीसुद्धा ह्यातच. आता मला उलटं सांगा." त्यांनी सांगितलं. मी पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, "अण्णा, शाळेत मास्तर हुता काय हो तुम्ही?" माझ्या शाळेबद्दल कुणी एवढं बरं कधी बोललं नव्हतं.

दुसरा कॅन खबरदारी म्हणून त्यांच्याकडेच ठेवला. मी त्याच गल्लीत त्यांच्या दिराकडे मुक्काम केला आणि सकाळी एक नंबरचा कॅन घेऊन बस पकडली. चांगला भरला होता. कंडक्टर कन्नड माणूस. कॅन बघून त्यानं आवाज चढवला, "एनरी इदु? काय हे? रॉकेल? बस पेटवायची काय?"

मी म्हणालो, "रॉकेल नाही. मूत्र."

हा शब्द दोन्ही भाषांत एकच. सीमाभागात दोन्ही बाजूंचं इतकं चटकन एकमत मी पुन्हा कधी बघितलं नाही. माझ्या शेजारचा उठला, पुढचा उठला, मागचा उठला. बेळगावपर्यंत तीन माणसांच्या बाकावर मी आणि कॅन असे दोघंच ऐसपैस बसून आलो.

बाईंनी तपासणी स्वतः केली. मी कलरीमीटरचा आकडा वाचला, त्यांनी वाचला, पुन्हा नव्यानं करून बघितली. मग स्टुलावर टेकल्या आणि म्हणाल्या, "बोलतेय? अरे, ओरडतेय ही."

पुढचं मोठ्या डॉक्टरांचं काम. रक्तदाब ताब्यात ठेवायच्या गोळ्या मुंबईहून मागवल्या, काही आठवडे त्या दिल्या, आणि मग मिरजेला एका मोठ्या दवाखान्यात गाठ काढली. टेबलावर रक्तदाब उसळलाच. पण सगळे तयारीत होते. आमच्या सर्जननी फोनवर बाईंना सांगितलं, तयारी नसती तर त्या गुरुवारी शांताक्का घरी गेल्या नसत्या. बाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "जा, चहा घेऊन ये. दोन." तोवर त्या माझ्यासाठी चहा कधी मागवत नसत.

स्टूल राहिलं. पुढं बाईंनी प्रत्येक कॅनमध्ये आणखी एक तपासणी सुरू केली. क्रिएटिनिन नावाची वस्तू माणसाच्या अंगातून रोज साधारण सारखीच बाहेर पडते. ती कमी भरली की समजायचं, कॅन पुरता भरलेला नाही. आणि मराठी सूचना माझ्या अक्षरात कॅनवर चिकटल्या. 'आजची पहिली टाका. मग आजचा दिस, सगळी रात, उद्याची पहिली. डबा धुऊ नये.' शुद्धलेखन बाईंनी तपासलं आणि एकही अक्षर बदललं नाही. त्याशिवाय लॅबचा नियम झाला, पेशंटला सांगून सोडायचं नाही, त्याच्याकडून उलटं ऐकायचं. मी निवृत्त होईपर्यंत 'उलटं सांगा' हे माझं टोपणनाव होतं.

पण शांताक्कांच्या आधी किती वर्षं मी ते जुनं वाक्य म्हणत होतो? किती जणांनी दिस मावळल्यावर झाकण लावलं असेल? बाईंनी जुन्या वह्या काढून कमी भरलेले कॅन शोधले, पत्रं टाकली. काही आले, त्यांच्या गाठी मुक्या निघाल्या. काहींची उत्तरं आली नाहीत. त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

मिरजेनंतर तीनेक महिन्यांनी शांताक्का लॅबमध्ये आल्या. अंगावर नवं इरकली लुगडं, तोंडावर तजेला. वाकून पिशवीतून काहीतरी काढलं आणि सरळ उभ्या राहिल्या. रंग जिथल्या तिथं. मी तेच बघत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. "काय हुत न्हाय आता, अण्णा. दोन कळश्या उचलती."

पिशवीतून निघाला आमचा कॅन. गळ्यापर्यंत भरलेला. आत काहीतरी घट्ट, तपकिरी, हळू हलणारं. मी सवयीनं विचारलं, "हे कितव्या दिवसाचं?"

"काकवी हाय ती!" शांताक्का ओरडल्या. "आमच्या भावाच्या गुऱ्हाळातली. तुमचं भांडं ऱ्हायलं हुतं माझ्याकडं. रिकामं भांडं परत द्याचं नसतंय. त्यातलं औषध वतलं आन् सात येळा राखेनं घासलंय, अण्णा, सात येळा."

त्या गेल्यावर आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. टेबलावर लघवीचा कॅन, त्यात उसाची काकवी. रक्त काढणारी आमची नर्स नाकाला पदर लावून निघून गेली. मी कॅन उलटा न करता उंच धरून बुडाखाली बघितलं. खिळ्यानं कोरलेला दोन होता. माझ्या काळजीपोटी नेलेला, न वापरलेला कॅन.

बाई दारात येऊन उभ्या होत्या. हातात जेवणाचा डबा.

"नक्की दोन नंबरचाच ना?"

"नक्की, बाई."

"उलटं सांग."

मी सांगितलं. एक नंबर मी बसनं आणला, तपासला, धुतला, तो फळीवर आहे. दोन नंबर त्यांच्या घरी राहिला, वापरला नाही, सात वेळा घासला, तो हा.

बाईंनी फळीकडे बघितलं, कॅनकडे बघितलं, आणि डब्याचं झाकण पुढं केलं.